नदीपलीकडचं जेवण

ट्रंककॉल मावशीला रागवायला कारण लागत नाही, असं तिच्या पाठीमागे बोललं जातं. हे साफ खोटं आहे. कारण लागतं, पण जगात कारणांचा तुटवडा नाही, त्याला ती बिचारी काय करणार?

तिची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानावर हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, दोन्ही हातांत वायरी. इकडची पिन काढायची, तिकडे खोचायची, आणि ‘बोला’ म्हणून बाजूला व्हायचं. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये असा नियम होता. सगळ्या ऑपरेटर तो नियम मनापासून मानत आणि सगळ्या ऐकत. त्या ऐकण्यातून मावशी एक गोष्ट शिकली. खरं बोलणारा माणूस अडखळतो, विसरतो, ‘थांबा, असं नाही, तसं’ म्हणून स्वतःलाच दुरुस्त करतो. थाप मारणारा मात्र पाठ केल्यासारखा सरळ बोलतो. पुढे बोर्ड गेले, यंत्रं आली आणि मावशी निवृत्त झाली. घरी यजमान, तेही निवृत्त घड्याळजी. लोकांची बंद पडलेली घड्याळं हौसेनं उघडून बसायचे आणि घरातलं भिंतीवरचं मात्र कायम मागे. मावशीनं त्यावरून बोलणं आता सोडून दिलं होतं, म्हणजे दिवसातून एकदाच बोलायची.

तिच्या शहरात वाचनालयासमोर काळ्या दगडाचं एक स्मारक आहे. एका जुन्या लढाईत इथले जे जवान गेले, त्यांची नावं त्यावर कोरलेली आहेत. वर्षातून एकदा स्मृतिदिन होतो, नावं वाचली जातात, लोक माना खाली घालतात आणि घरी जातात. लढाईला पन्नास वर्षं होत आली तेव्हा स्मारक समितीनं ठरवलं, नुसती नावं वाचून भागायचं नाही. घरोघरी चौकशी करायची, प्रत्येकाची माहिती काढायची आणि नावापाठोपाठ चार ओळी वाचायच्या. काम बिनपगारी. मावशी आपण होऊन गेली.

“फुकटात भांडायला मिळणार म्हणून चाललीस,” यजमान म्हणाले.

“फोनचं बिल तुम्ही भरणार आहात म्हणून चालले,” मावशी म्हणाली.

बाकीचे कार्यकर्ते वही घेऊन घरी जात आणि ‘कसे गेले हो?’ असं विचारत. मावशी फोन लावायची आणि विचारायची, “कशावरून चिडायचे ते?” पलीकडे आधी हसू फुटायचं, आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर यायचं. एकाच्या चपला दुसऱ्या कुणी पायात घातल्या की तो घर डोक्यावर घ्यायचा. एकजण बहिणीच्या लग्नात रुसला आणि सगळ्या फोटोंत पाठमोरा आला. एकाला हिशेब जमत नव्हता, पण दुकानदाराला चुकीचं ठरवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. मावशी हे सगळं भक्तिभावानं उतरवून घ्यायची. माणूस रुसत होता, म्हणजे तो होता. दगडावर कोरलेलं नाव कधी रुसत नाही.

हे कागद समितीच्या सेक्रेटरींकडे जात. सेक्रेटरी निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे हातात लाल पेन जन्माचं चिकटलेलं. कागद परत आले की त्यात चपला नसत, रुसवा नसे. त्याऐवजी प्रत्येकाच्या नावापुढे एकच ओळ असे: ‘पोटात अन्नाचा कण नसताना शेवटच्या श्वासापर्यंत लढले.’ या ओळीचा उगम मावशीनं शोधून काढला. समितीचे अध्यक्ष रंगाच्या दुकानाचे मालक. त्यांचा थोरला भाऊ त्या लढाईत गेला होता. पहिल्या स्मृतिदिनाला बाहेरून कुणी वक्ते आले होते, त्यांनी भाषणात त्या भावाबद्दल हे वाक्य टाकलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मग ते वाक्य शाळेच्या सभागृहातल्या पाटीवर गेलं. आता समितीला वाटायचं की एक उपाशी लढला आणि बाकीचे जेवून लढले असं दिसलं, तर बाकीच्यांचा अपमान होईल. म्हणून सरसकट सगळे उपाशी.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्या त्याच्याजवळ ती एकच प्रश्न विचारत सुटली. कपड्यांचं बोचकं घेऊन इस्त्रीच्या दुकानात गेली, तर तिथेही तेच.

“मी म्हणते, सगळेच उपाशी? पलटणीला आचारी नव्हते का? का ते झोपा काढत होते?”

इस्त्री थांबली. दुकान चालवणारी ताई सत्तरी कधीच ओलांडलेली, कमरेत वाकलेली, पण हात अजून सपासप चालणारा. तिनं इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, “माझा भाऊ होता त्या पलटणीत आचारी. झोपा नव्हता काढत.”

मावशीनं बोचकं खाली ठेवलं. ती बाकावर बसली. मग ताई इस्त्री करता करता सांगत गेली. भाऊ नदीत बुडून गेला. दगडावर त्याचं नाव नाही, कारण त्याला गोळी लागली नाही. ज्यांनी पहिल्यांदा नावं ठरवली त्यांनी सांगितलं, हा अपघात, हा लढाईतला मृत्यू नव्हे. पुढल्या वर्षी पलटणीतला एक जवान तिला भेटायला आला होता. तो म्हणाला, पूल उडाला होता, आमची तुकडी पलीकडच्या काठावर अडकली होती, तुझ्या भावानं नदी ओलांडून आम्हाला जेवण आणलं आणि परत जाताना बुडाला.

“पुढे तो जवान विजेच्या कामाला लागला म्हणे. कुठल्या शहरात… सांगितलं होतं त्यानं. नाही, ते दुसऱ्या कुणी सांगितलं. विसरले मी.”

मावशीचे कान टवकारले. ही बाई अडखळत होती.

“तुम्ही स्मृतिदिनाला येता का ताई?”

“दर वर्षी. मागे उभी असते. दुसऱ्यांची नावं ऐकते आणि येते परत.” तिनं सदऱ्याची कॉलर दाबली. “एकदा त्याचं नाव घेतलेलं ऐकायचंय. कान आहेत तोवर.”

त्या दिवसापासून मावशीला दुसरं काही सुचेना. तिनं शहरामागून शहर घेतलं आणि तिथल्या वीज कार्यालयांना फोन लावायला सुरुवात केली. कुणी फोन उचलून बाजूला ठेवून द्यायचं, कुणी दुसऱ्या खोलीत पाठवायचं, दुसरी खोली तिसरीत. एका साहेबानं ‘हे वीज कार्यालय आहे, हरवलेल्यांचं केंद्र नाही’ असं ऐकवलं. मावशीनं त्याला असं काही ऐकवलं की त्यानं मुकाट्यानं पेन्शनरांच्या संघटनेचा नंबर काढून दिला. घड्याळजी रोज संध्याकाळी विचारत, “आज कुणाची पूजा बांधलीस?”

आणि अखेर तो जवान सापडला. वायरमन म्हणून निवृत्त झालेला, एका कानानं ठार बहिरा, दुसऱ्यानं निम्मा.

“उपाशी?” तो फोनवर ओरडला. “कोण म्हणतं उपाशी? दोन दिवस उपाशी होतो, खरं आहे. तिसऱ्या संध्याकाळी पोटभर जेवलो! ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर पातेलं बांधलं होतं त्यानं. वर झाकण, झाकणावर ताडपत्री. दोर धरून पोहत आला. नाही, दोर अर्ध्यापर्यंतच होता, पुढे नुसता पोहत आला. स्वतःच्या हातानं वाढलं सगळ्यांना. आम्ही म्हटलं, रात्रभर थांब. तर म्हणाला, सकाळचं कोण रांधणार? गेला. पातेलं लागलं काठाला, तो नाही लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे हल्ला झाला. आमच्यातले निम्मे गेले त्यात.”

मावशीनं विचारलं, कोण कोण होतं त्या काठावर? त्यानं आठवून आठवून नावं सांगितली. त्यात अध्यक्षांच्या भावाचं नाव होतं.

पुढची बैठक वाचनालयातल्या लांब टेबलाभोवती भरली. मावशीनं सगळं सांगितलं. अध्यक्ष डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, “बुडाला, तो अपघात. उद्या कुणी जिन्यावरून घसरलेला आणाल.”

“नदीत काय तो अंघोळीला उतरला होता?” मावशी कडाडली. “बंदूकवाल्याचा जीव तो जीव आणि पळीवाल्याचा काय पालापाचोळा?”

चहा आला. चहानं माणसं मऊ होतात असा सगळ्या समित्यांचा समज असतो. अध्यक्ष कप खाली ठेवून हळू आवाजात म्हणाले, “बाई, मी काही वाईट माणूस नाही. म्हातारीला बरं वाटावं असं मलाही वाटतं. असं करा. गोळी लागून गेला असं लिहा. मी सही करतो, या वर्षीच नाव वाचू. फक्त जेवण पोहोचलं, हे काही लिहू नका.”

“का बरं?”

“माझा भाऊ उपाशी लढला. सगळ्या शहराला माहीत आहे. शाळेत पाटी आहे.”

“दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील?” सेक्रेटरींनी री ओढली.

“नाहीतच!” मावशी म्हणाली. “एक खोटी आहे!”

ती तरातरा उठून गेली खरी, पण रस्त्यात तिचा पाय अडखळला. ताईला फक्त एकदा नाव ऐकायचं होतं. कान आहेत तोवर. एका खोट्या गोळीनं ते जमत असेल तर आपला ताठा कशाला मध्ये आणा? मावशीनं राग गिळला, आणि तिला गिळायची सवय नसल्यामुळे फार त्रास झाला. इस्त्रीच्या दुकानात जाऊन तिनं पडत्या आवाजात समितीचं म्हणणं सांगितलं.

ताईनं इस्त्री आपटली.

“गोळी? गोळी लागली तर मग नदी कोण ओलांडून गेलं? माझ्या भावानं जे केलं ते पुसायचं, जे केलं नाही ते लिहायचं, आणि वर माझ्यावर उपकार? सांग जा तुझ्या समितीला. इतकी वर्षं नाव घेतलं नाही तरी जगले मी. खोटं नाव घेतलं तर नाही जगायची!”

आपल्यापेक्षा रागीट माणूस भेटल्याचा आनंद काय असतो, ते मावशीला त्या दिवशी कळलं. ती घरी आली ती दारातूनच बोलत. या समितीचं थोबाड असं करीन, त्या पाटीचं तसं करीन, वर्तमानपत्रात देईन. घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

“समितीनं त्या वायरमनचं ऐकलंय?”

“मी सांगितलं ना सगळं!”

“तू सांगितलंस. तुझं ऐकतं कोण? तू बोलायला लागलीस की माणसं पहिल्यांदा आपला जीव वाचवतात.” त्यांनी भिंग परत लावलं. “जन्मभर दोन माणसं जोडून दिलीस आणि बाजूला झालीस. तेच कर की.”

मावशीला हे फार लागलं, कारण ते बरोबर होतं.

पुढल्या बैठकीला ती ताईला घेऊन गेली. सेक्रेटरींनी ताईला दाराजवळची खुर्ची दिली. टेबलाजवळ दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मावशीनं त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, सेक्रेटरींकडे पाहिलं, आणि महत्प्रयासानं गप्प राहिली. मग तिनं फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, नंबर लावला, आवाज मोठा केला, “बोला” म्हणाली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

अध्यक्ष चिडलेच होते. “तुम्ही तिथे होतात याला पुरावा काय?”

“पुरावा? बॉम्बचा तुकडा आहे अजून मांडीत! येऊन चाचपून बघा!” फोनमधला आवाज खणखणला. “तुम्ही कोण बोलताय?”

अध्यक्षांनी स्वतःचं आणि भावाचं नाव सांगितलं.

“अरे! त्याचे धाकटे तुम्ही? तो उंच, डावखुरा? आहे की आठवण! सांगतो ऐका. आचारी नदीतून आला, ओलाचिंब, थंडीनं दातावर दात वाजतायत. आम्हाला वाढतोय. आणि तुमच्या भावानं पहिला घास घेतला आणि म्हणाला, मीठ कमी आहे!” पलीकडे म्हातारा खो खो हसत सुटला. “मीठ कमी! दोन दिवसांचा उपाशी माणूस! आचारी म्हणाला, नदीतून आणलंय, विरघळलं असेल वाटेत. असे हसलो आम्ही, असे हसलो, की शत्रूकडून गोळीबार सुरू झाला. आणि मग याच गड्यानं दोनदा वाढून घेतलं. थांबा… दोनदा मी घेतलं. त्यानं तीनदा.”

अध्यक्षांनी फोन जवळ ओढला.

“मीठ,” ते म्हणाले. “ताटात वेगळं वाढावं लागायचं त्याला. कितीही घाला, कमीच.” मग ते फोनवर वाकले. “म्हणजे तो जेवला होता?”

“ऐकू येत नाही! मोठ्यानं बोला!”

अध्यक्ष उभे राहिले. दुकानात नोकरांवरसुद्धा आवाज न चढवणारा तो माणूस, त्या शांतता राखण्याच्या जागी सगळ्या ताकदीनिशी ओरडला, “माझा भाऊ जेवला होता का?”

“अहो, कधीचा तेच सांगतोय! पोटभर!”

अध्यक्ष खाली बसले आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागले. मावशीची मोठी पंचाईत झाली. ती भांडायची पुरी तयारी करून आली होती, आणि रडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

“आईनं रात्रीचं जेवण सोडलं होतं,” ते म्हणाले. “ते भाषण ऐकलं त्या दिवसापासून. म्हणायची, माझं पोर उपाशी गेलं, माझ्या घशाखाली कसं उतरेल. मरेपर्यंत जेवली नाही रात्रीची. आम्ही पाया पडायचो, तरी नाही.”

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. एका वक्त्याला टाळ्या हव्या होत्या. तो टाळ्या घेऊन आपल्या गावी गेला असेल, त्या रात्री व्यवस्थित जेवलाही असेल. इकडे एका बाईचं ताट त्यानं जन्माचं उचलून नेलं. आणि ते वाक्य या शहाण्यांनी पाटीवर रंगवलं, दर वर्षी कर्ण्यावरून त्या बाईला ऐकवलं आणि त्याला श्रद्धांजली म्हटलं! हे सगळं ती बोलणार होती. पण अध्यक्षांनी डोकं वर केलं.

“आईला हे कुणीच का सांगितलं नाही? एका माणसानं यायचं होतं. एका वाक्याचं काम होतं!”

“मी आले होते,” दाराजवळून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. ताई खुर्चीतून उठली नव्हती.

“तो जवान मला भेटून गेला, त्याच आठवड्यात आले होते. म्हटलं, माझा गेला, निदान त्या माउलीला तरी कळू दे. दार तुम्हीच उघडलंत. मी म्हटलं, मी आचाऱ्याची बहीण, आईंना भेटायचंय. तुम्ही म्हणालात, आई कुणाला भेटत नाही. मी म्हटलं, मग निरोप सांगा, जेवणाबद्दल आहे. तुम्ही म्हणालात, आमच्या घरात एवढं मोठं दुःख आहे आणि तुला स्वयंपाकाचं सुचतंय? दार लावून घेतलंत.”

अध्यक्षांना आठवलं, हे सगळ्यांना दिसलं.

“ताई,” ते म्हणाले, “तेव्हा मी लहान…”

“लहान म्हणू नका. मिशा होत्या तुम्हाला.”

“हॅलो! कुणी आहे का?” फोनमधला म्हातारा ओरडत होता. मावशी पुढे झाली नाही. कुणीच झालं नाही.

अध्यक्ष उठले. टेबलाजवळच्या दोन रिकाम्या खुर्च्यांतली एक त्यांनी स्वतः ओढली आणि ताईला तिथं येऊन बसायची विनंती केली. ताई सावकाश आली, बसली. अध्यक्ष हात जोडायला लागले, तेव्हा तिनं मान हलवली.

“माफी-बिफी राहू द्या. तिचं मी काय करू? नाव लिहा.”

त्यांनी सेक्रेटरींपुढचे कागद ओढून घेतले. वरचाच कागद त्यांच्या भावाचा होता. तो बाजूला सारून त्यांनी कोरा घेतला, आचाऱ्याचं नाव लिहिलं आणि पेन थांबवलं.

“काय लिहू, सांगा.”

“नदीत बुडून गेला, असं लिहा.”

“लिहिलं. पुढे?”

ताईनं बाजूला सारलेला तो कागद ओढून पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यावर बोट टेकवलं.

“आधी हे ‘उपाशी’ खोडा,” ती म्हणाली. “मग पुढे लिहा. माझ्या भावाच्या हातचं जेवून तुमचा भाऊ लढला.”